पर्लची तिसरी प्लेट

पर्ल आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. उम्म अल हस्सम भाग, तिसरा मजला. मूळची वसईजवळच्या गिरीजची. वय एकोणपन्नास. बावीस वर्षं बहरीनमध्ये नर्स आहे. लग्न केलं नाही. गावी आई आहे. या जूनला तिचा हॉस्पिटलचा करार संपतो आणि ती कायमची परत जाते. त्याआधी तिच्याबद्दल लिहून ठेवतो आहे.

मी तिचा नात्याने कोणी नाही. मी बांधकामावर सळया बांधायचो. एकतीस वर्षं, त्यातली सव्वीस इथे. आता काम सुटलं. मुलगा वरुण बँकेत आहे, त्याच्याकडे राहतो. गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आणलं त्याच संध्याकाळी पर्लने बेल वाजवली. तोवर आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती होती.

"काका, गुडघा दाखवा," ती म्हणाली.

मग सहा आठवडे रोज ड्युटी संपवून यायची आणि वीस मिनिटं गुडघा वाकवून घ्यायची. दुखतंय म्हटलं की म्हणायची, "दुखणारच. अजून पाच." पाच म्हणजे पाच. चारवर कधी सोडलं नाही. कामात अशी माणसं फार कमी भेटतात. मी चालतो आहे तो तिच्यामुळे.

पायऱ्या उतरता यायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "आता टीव्हीसमोर बसायचं नाही. शुक्रवारी माझ्याबरोबर चला. रंग मारायचं काम आहे."

झल्लाकच्या रस्त्याने पुढे गेलं की वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब आहे. पर्ल सहा वर्षं तिथे जाते. पिस्तुलं क्लबची, क्लबमध्येच राहतात. खेळ समजायला सोपा आहे. समोर पाच पोलादी प्लेटा, वेगवेगळ्या अंतरावर. घड्याळ वाजलं की पाचही उडवायच्या. म्हणजे पडत नाहीत, गोळी लागली की टण् वाजतात. शेवटची प्लेट ठरलेली असते, तिथे घड्याळ थांबतं. लागली वेळ हाच गुण, जितकी कमी तितकी चांगली. एखादी प्लेट राहिली तर वर तीन सेकंद दंड. अशा पाच फेऱ्या. सगळ्यात वाईट फेरी सोडून देतात, चारांची बेरीज धरतात.

एकाचं झालं की पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवायचं. मग अहमद, जो ही सगळी जागा सांभाळतो, तो ओरडतो, "खलास!" त्यानंतर मी पांढऱ्या रंगाचा स्प्रे घेऊन प्लेटांपर्यंत जायचं आणि सगळ्या पुन्हा पांढऱ्या करायच्या. अहमद बहरीनी आहे, माझ्याशी हिंदी बोलतो. रंगाचा ओघळ आलेला त्याला चालत नाही. मलाही चालत नाही. आमचं जमलं.

आम्हाला तिथे एलरॉय न्यायचा. एलरॉय पर्लच्या शेजारच्या गावचा, झल्लाकच्या एका हॉटेलात स्टोअर बघतो. शुक्रवारी दुपारची शिफ्ट असते, म्हणून सकाळी साडेपाचला गाडी घेऊन आमच्या बिल्डिंगखाली. पर्लला या खेळात आणला तोही त्यानेच. दोघं आपसात त्यांची गावची बोली बोलतात, ती मला अर्धी कळते. मला कळावं असं काही असलं की साध्या मराठीवर येतात. हे बहुतेक तिची खेचण्यासाठी.

क्लबचा चौघांचा संघ असतो. वसंतात दुसऱ्या क्लबांबरोबर सामना होतो. तीन वर्षं एलरॉय चौथा आणि पर्ल पाचवी. पाचवी म्हणजे राखीव. तिने पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि टाळ्या वाजवायच्या.

"मला एकदा त्या चारांत उभं राहायचंय," ती गाडीत म्हणाली. "एकदाच. मग गावी जाऊन कोंबड्या पाळते."

"आत्ताच पाळ," एलरॉय म्हणाला. "माझी जागा सेफ राहील."

नोव्हेंबरपासून मी रंग मारत होतो. रंग मारणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी दुसऱ्यांना दिसत नाही, कारण ते लांब असतात. प्लेटवर गोळीचा डाग कुठे आहे ते. एलरॉयचे डाग प्लेटभर पसरलेले असायचे, एखादा तर अगदी कडेला. पर्लचे सगळे मधोमध. पाच फेऱ्यांचे पाच डाग माझ्या मुठीखाली झाकायचे. पहिल्यांदा वाटलं, वा. मग वेळा ऐकल्या. एलरॉय एका फेरीला सव्वाचार सेकंद. पर्ल पावणेपाच.

पुढच्या शुक्रवारी मी प्लेटांकडे बघितलं नाही. तिच्या पिस्तुलाच्या टोकाकडे बघत बसलो. टण् वाजायचं आणि मग टोक हलायचं. दर वेळी. एलरॉयचं टोक टण् वाजतं तेव्हा पुढच्या प्लेटच्या वाटेवर असायचं.

परतताना पर्लने विचारलं, "काका, आज तुम्ही टक लावून काय बघत होतात?"

"तू आवाजाची वाट बघतेस," मी म्हणालो. "लागली हे ऐकू आल्याशिवाय तू हलत नाहीस."

"मी सहा वर्षं हेच सांगतोय," एलरॉय म्हणाला. "ही गोळी मारत नाही, इंजेक्शन देते. देऊन झालं की विचारते, दुखलं का?"

पर्ल हसली नाही. "हॉस्पिटलमध्ये खात्री न करता पुढच्या बेडकडे गेले तर माणूस जाईल. बावीस वर्षांची सवय आहे. ती शुक्रवारपुरती कशी काढू?"

ती खरं बोलत होती. मीही सैल गाठ सोडून पुढे गेलेला माणूस कधी कामावर ठेवला नसता.

घरी आल्यावर तिने परत विचारलं. "काका, तुम्ही दिवसाला किती गाठी बांधायचा?"

"दीड हजार. कधी जास्त."

"आणि प्रत्येक बघायचात?"

एकतीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. किती टन झालं, स्लॅब कधी भरायचा, हे विचारायचे. हात कसा चालतो हे ना मुकादमाने विचारलं, ना इंजिनियरने, ना घरच्यांनी. मी रात्रभर विचार केला, कारण मलाही ते शब्दांत माहीत नव्हतं.

शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे. दुसऱ्या दिवशी तिथल्या फोरमनकडून सळयांचे तुकडे मागून आणले, थोडी तार, एक जुनी पक्कड. गच्चीवर विटांवर सळया आडव्या-उभ्या मांडल्या. पंचवीस चौफुल्या. पर्ल ड्युटीवरून आली तेव्हा तिच्या कमरेला तारेचं भेंडोळं अडकवलं आणि गाठ मारायला शिकवलं. तार खालून घ्यायची, दोन्ही टोकं वर, पक्कडीत धरून दीड पीळ.

तिने एक बांधली. थांबून बघितली. दुसरी बांधली. थांबून बघितली.

"बघू नकोस," मी म्हणालो.

"सैल राहिली तर?"

"सैल राहिली ते तुला आधीच कळलं पाहिजे. शेवटचा अर्धा पीळ देताना तार हाताला चावते. चावली की गाठ झाली. तेव्हाच डोळा पुढच्या चौफुलीवर जातो. हात मागून येतो. नाही चावली तर तिथल्या तिथे अजून पीळ. तपासायचं सोडायचं नाही. ते गाठ मारून झाल्यावर नाही करायचं, मारतानाच करायचं."

ती पक्कड हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "सुई शिरेत गेली की बोटाला कळतं. रक्त दिसायच्या आधी."

"मग?"

"मग काही नाही. बांधते."

त्या संध्याकाळी तिने दोनशे गाठी बांधल्या. मी त्या कापल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे. वरुण गच्चीवर आला, बघितलं, म्हणाला, "बाबा, तुम्ही नर्सला स्टील फिक्सर बनवताय?" मी त्याला पण एक पक्कड देऊ केली. तो खाली गेला.

पिस्तुलात तारेच्या जागी काय, हे तिने स्वतः शोधलं. नळीच्या टोकावर एक खूण असते. गोळी सुटते त्या क्षणी खूण प्लेटवर होती की नव्हती, हे बघायचं. होती तर लागली. आवाजाचं काम नाही. डोळा लगेच पुढच्या प्लेटच्या मधोमध, हात मागून. आणि लांबच्या प्लेटकडे वळताना खांद्याने नाही, गुडघ्यांतून वळायचं. हे मी सांगितलं. सळईपाशी आम्ही तसेच वळतो, नाहीतर कंबर दहा वर्षांत संपते.

यानंतर ती लगेच सुधारली असं नाही. डिसेंबरात ती वाईट झाली. पिस्तूल लवकर हलायला लागलं आणि गोळ्या प्लेटांच्या शेजारून जायला लागल्या. एका शुक्रवारी चार फेऱ्यांची बेरीज सव्वीस सेकंद. दंडच दंड.

"स्पीड आला," एलरॉय म्हणाला. "आता फक्त गोळी लागायची बाकी आहे."

मला वाटलं, मीच तिचं नुकसान केलं. होती ती पाचवी तरी होती. संध्याकाळी सहाला गच्चीचं दार वाजलं. ती तार घेऊन वर गेली होती. तळहाताला फोड आले होते, त्यावर पट्टी. जानेवारीभर फक्त एक दिवस चुकला, डबल शिफ्ट होती तो. हे मी मोजलेलं आहे.

जानेवारीच्या शेवटी डाग मुठीबाहेर गेले. एखादा कडेला, एखादा वर. पण प्लेटवर. वेळ साडेचारच्या खाली आली. त्या दिवसापासून एलरॉयने तिची चेष्टा कमी केली. गाडी मात्र साडेपाचलाच यायची. एका शुक्रवारी त्याची शिफ्ट सकाळची झाली, तर कुणाला तरी गळ घालून ती त्याने बदलून घेतली. तिची तयारी बुडू नये म्हणून. चौथी जागा कोणाची आहे हे त्याला माहीत होतं.

निवड फेब्रुवारीत. त्या दिवशी प्रत्येक फेरीनंतर मी प्लेटा रंगवत होतो. पहिल्या तिघांचं ठरल्यासारखंच होतं. एलरॉय आधी उभा राहिला. चार फेऱ्या, सोळा पूर्णांक ब्याण्णव. त्याची त्या वर्षातली सगळ्यात चांगली बेरीज.

मग पर्ल. पहिली फेरी चार पूर्णांक चोवीस. दुसरी चार एकोणीस. तिसऱ्या फेरीत दुसरी प्लेट राहिली आणि तिला कळलंच नाही. दंड धरून सात सेकंदांच्या वर. म्हणजे सोडून द्यायची फेरी ही झाली. आता चुकायला जागा नव्हती. चौथी चार बावीस.

एलरॉयने माझ्या शेजारी उभं राहून फोनवर बेरीज केली. "चार सत्तावीसच्या आत हवं," तो हळूच म्हणाला. मला नाही, स्वतःलाच.

अहमदने घड्याळ वर धरलं. वाजलं. टण्, टण्. तिसरी प्लेट सगळ्यात लांबची. तिथे दोन गोळ्या सुटल्या, इतक्या जवळजवळ की मला एकच वाटली. टण्. मग चौथी टण्, आणि शेवटची टण्.

"चार पंचवीस," अहमद म्हणाला. बेरीज सोळा नव्वद. दोन शतांश सेकंदांनी.

"सहा गोळ्या होत्या?" एलरॉयने विचारलं.

"सहा," अहमद म्हणाला. पिस्तूल रिकामं झालेलं त्याने बघितलं आणि "खलास!" म्हणून ओरडला.

मी स्प्रे घेऊन निघालो. एलरॉय माझ्याबरोबर आला. कधी येत नाही. आम्ही सरळ तिसऱ्या प्लेटपाशी गेलो. पांढऱ्यावर एकच डाग होता, डाव्या कडेला. पहिली गोळी बाहेरून गेली होती. आवाज आला नाही हे कळेपर्यंत ती थांबली असती, तर चार सत्तावीस गेले असते. तिने कोणाला काही ऐकू यायच्या आधी दुसरी मारली होती.

एलरॉयने डागावर अंगठा ठेवला. "एकच आहे," तो म्हणाला. मग माझ्या हातातून स्प्रे घेतला आणि ती प्लेट स्वतः रंगवली. ओघळ आला. तो मी तसाच राहू दिला.

पर्ल टेबलापाशी हात पुसत उभी होती. मी विचारलं, "कसं कळलं?"

"सुटतानाच कळलं, काका," ती म्हणाली. मग रुमाल डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

परतताना गाडीत झल्लाक मागे पडल्यावर पर्ल म्हणाली, "एलरॉय, तू रागावलास."

"रागावलोय ना. माझी गाडी, माझं पेट्रोल, माझीच जागा. आणि हे काका पण माझ्याच गाडीतून आणले."

"सॉरी."

"सॉरी काय? पुढच्या शुक्रवारी साडेपाच. सामन्याला चारच आठवडे आहेत. तुला पहिल्या प्लेटवर जायला उशीर होतो, तो काढायचाय."

"तू येणार?"

"मग तुला कोण नेणार, बस?"

मी मागच्या सीटवर होतो. मी म्हणालो, पहिल्या प्लेटचं मी पण बघतो.

"तुम्ही बघाच," पर्ल म्हणाली. "आणि गुडघा सरळ ठेवून बसलाय तुम्ही. वाकवा. दहा वेळा."

मी वाकवायला लागलो. ती पुढे बसून मोजत होती.