मधला पट्टा

जुन्या जालन्यातल्या आमच्या घराची मोझॅकची फरशी घासायला भोकरदनकडून एक माणूस आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. मशीन फिरवून झालं की तो ओल्या फरशीवरून अनवाणी चालून बघायचा. म्हणायचा, "हाताला घट्टे पडलेत. पायाला बराबर कळतं."

आईला तेव्हा जवळजवळ दिसतच नव्हतं. ती खोलीतून देवघराकडे निघाली की तो मशीन बंद करून तिचे पाय बघत उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी नेमका खोलीपासून देवघरापर्यंतचा मधला पट्टा न घासता तो सामान आवरू लागला. मी चिडलोच.

"मावशी पायानं बघून राह्यल्या, भाऊ," तो म्हणाला. "तिथं झिजून खडी वर आली, तिचाच अंदाज घेत जातात. गुळगुळीत केली तर वाट घावायची न्हाई."

मी त्याच घरात जन्मलो होतो, आणि मला हे दिसलं नव्हतं.

आई गेली. चकचकीत फरशीतला तो पट्टा बघून पाहुणे विचारतात, एवढं घासायचं राहिलं का? मी हो म्हणतो. ते गेले की चप्पल काढतो आणि डोळे मिटून देवघरापर्यंत जाऊन येतो.