वहीतली पद्मजा

परबकाकूंच्या वहीत पद्मजा नावाची एक बाई होती आणि ती भलतीच बेफिकीर होती. कुंड्या गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची आणि त्या खालून जाणाऱ्यांच्या डोक्यात पडायच्या. नळ चालू ठेवून गावाला जायची आणि खालच्यांचं छत गळायचं. एकदा तर रागाच्या भरात तिने दूधवाल्याला पातेलं फेकून मारलं आणि ते लागलं बिचाऱ्या पोस्टमनला.

ही पद्मजा म्हणजे परबकाकू स्वतःच. खऱ्या काकूंनी झुरळावर चप्पल उगारतानाही दोनदा विचार केला असता. पण इंग्लंडचा फौजदारी कायदा आणि टॉर्ट, म्हणजे नुकसानभरपाईचा कायदा, मुलांना शिकवायचा, तर कुणीतरी गुन्हा करायला हवा, कुणाच्या तरी हलगर्जीपणाने कुणालातरी लागायला हवं. उदाहरणं घ्यायची ती सोसायटीतलीच, कारण मुलांना तीच कळतात. आता ज्या बिल्डिंगमध्ये राहायचं तिथल्या शेजाऱ्यांची नावं वहीत कशी घालणार? वही कुणाच्या हाती लागली तर उगाच मनं दुखावायची. म्हणून सगळी पापं काकूंनी आपल्याच नावावर घेतली. भिडस्त माणसाची चूक असते ती अशी, करताना चांगुलपणाच वाटते.

काकूंचे वडील कणकवलीकडचे, लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा पद्मजा बारावीत होती. मग मुलुंडला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली आणि सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी टाइप करत राहिली. मधल्या काळात संध्याकाळच्या कॉलेजातून एलएलबी केलं, पण सनद काही घेतली नाही. आई अंथरुणाला खिळली होती, आणि कोर्टात उभं राहून मोठ्याने बोलायची तिला भीती वाटायची. आई गेली, वकीलसाहेब थकले, ऑफिसला कुलूप लागलं. मुलुंड पूर्वेच्या त्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काकू एकट्या उरल्या.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या जयंती सबनीस त्यांच्याकडे आल्या. त्यांची गार्गी परदेशी बोर्डाच्या शाळेत जायची आणि तिने लॉ हा विषय घेतला होता. शाळेत लॉ शिकवतात हेच काकूंना नवीन होतं, आणि तोही इंग्लंडचा. शिकवणारं कुणी मिळेना म्हणून जयंती रडकुंडीला आल्या होत्या. काकूंनी पुस्तक ठेवून घेतलं, पंधरा दिवस वाचलं आणि गार्गीला बोलावलं.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला बाटलीतल्या गोगलगायीचा खटला सांगितला. एक बाई पेय पीत असताना बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली आणि त्यातून कायद्याने प्रश्न विचारला की माझा शेजारी कोण. माझ्या वागण्यामुळे ज्याला इजा होईल हे मला आधी कळायला हवं, तो माझा शेजारी, त्याची काळजी घेणं माझं कर्तव्य. गार्गी डोळे मोठे करून ऐकत होती. काकूंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण टाइप केलेलं सगळं कुठेतरी कामाला आलं.

दोन वर्षं गार्गी मंगळवारी आणि शुक्रवारी वर येत राहिली. वही निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी. बेफिकीर पद्मजेवर ती खळखळून हसायची आणि घरी जाऊन आईबाबांनाही तिचे प्रताप सांगायची. काकूंचा जीव जडला होता तिच्यावर. शुक्रवारी तिच्यासाठी घावणे व्हायचे. गार्गीच्या ओळखीने आणखी चार मुलं आली आणि परबकाकूंचा क्लास मुलुंडमध्ये लोकांना माहीत झाला.

परीक्षेला दोन महिने असताना, मार्चमधल्या एका मंगळवारी, उजळणी चालू होती. आपल्याच दुखापतीत आपलाही दोष असला तर काय, हा धडा होता. वहीत काकूंच्या अक्षरात जुनं उदाहरण होतं: पद्मजा चष्मा न लावता जिना उतरते, जिन्यात सामान असतं, ती पडते, तिचाही थोडा दोष. खरं तर काकूंचा चष्मा फक्त वाचायचा, जिन्यात त्याचं काही कामच नव्हतं. उदाहरण म्हणून ठोकून दिलं होतं. पण त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की यातला महत्त्वाचा अर्धा भाग लिहायचाच राहिलाय. समोरच्या पानावर गार्गीनेच तो लिहून काढावा, असं त्यांनी सांगितलं. तिला लिहीत बसवून त्या दळण आणायला निघाल्या. सात वाजले होते.

सबनीसांच्या घरात काम चालू होतं. त्या संध्याकाळी गार्गी वर येत होती तेव्हाच त्यांच्या माणसांनी नव्या लाद्यांचे खोके जिन्याच्या वळणावर आणून रचले होते. तिथला दिवा आठवडाभर गेलेला. पाय खोक्याला अडकला आणि काकू उजव्या हातावर आपटल्या. मनगटाचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

धावत आली ती गार्गीच. तिने पायावरचा खोका ओढून काढला, काकूंचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत म्हणाली, "सॉरी काकू, मी बाबांना सांगितलं होतं, इथे नका ठेवू म्हणून."

मग मला का नाही सांगितलंस, हे काकूंच्या मनातही आलं नाही. उलट हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घालून घेताना त्यांना काळजी तिच्या परीक्षेची. वही घेऊन जा गं घरी, आता मला शिकवता येणार नाही, असं त्यांनीच सांगितलं. त्या परतल्या तोवर जिना स्वच्छ होता. खोके नव्हते आणि दिवाही लागलेला होता.

गार्गीचे बाबा, नंदकुमार सबनीस, सोसायटीचे चेअरमन. जिन्यात सामान ठेवू नये, ही खालच्या फळ्यावरची नोटीस त्यांच्याच सहीची. लाद्या ठेवल्या होत्या हे ते कबूल करायला तयारच होईनात. परबबाईंना हल्ली दिसत नाही, असं ते लोकांना सांगू लागले. काकूंना त्यांच्याकडून दमडी नको होती. मीटिंगच्या नोंदीत एक ओळ हवी होती, की जिन्यात लाद्या होत्या म्हणून परब पडल्या. नाहीतर आंधळी म्हातारी असा शिक्का बसला असता, आणि तशा बाईकडे मुलं कोण पाठवणार? त्यांनी डाव्या हाताने कसाबसा अर्ज लिहिला.

मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. लोकांपुढे बोलायची भीती असूनही काकू उभ्या राहिल्या, कारण साक्षीदार पक्का होता. तुम्हीच गार्गीला विचारा, एवढंच त्या म्हणाल्या आणि निवांत बसल्या.

गार्गी उठली. हातात वही होती. वही बघून काकूंना बरंच वाटलं, पोरगी तयारी करून आली म्हणून. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून वाचायला लागली.

"पद्मजा चष्मा न लावता जिना उतरते. ती पडते. तिचाही दोष." मग तिने वही सगळ्यांना दिसेल अशी धरली. "हे अक्षर तुमचंच ना, काकू?"

"माझंच."

मधले शब्द तिने गाळले होते. जिन्यात सामान असतं, हे तीन शब्द, आणि पुढचा थोडा हाही. काकूंच्या कानशिलात कुणी भडकावल्यासारखं झालं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. लाद्यांचं काय, असं सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा गार्गी म्हणाली की आपण काही पाहिलं नाही. काकू पुन्हा उभ्या राहिल्या.

"गार्गी, समोरचं पान वाच."

तिने वही मिटली. "समोर काही नाही, काकू."

सेक्रेटरींनी लिहिलं की श्रीमती परब स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडल्या. खाली सगळ्या हजर सभासदांच्या सह्या झाल्या आणि काकूंनीही डाव्या हाताने आपली केली.

त्यानंतर दोन मुलं आली नाहीत. भाजीवालीसुद्धा सुट्टे हातात देताना मोठ्याने आकडा सांगू लागली. काकूंना याचं काहीच वाटलं नाही असं नाही, पण खरं दुःख वेगळंच होतं. गप्प बसणं हा गुन्हा केव्हा ठरतो, हे त्यांनी गार्गीला शिकवलं होतं. आई मुलाला उपाशी ठेवते तेव्हा, किंवा धोका आपणच निर्माण केलेला असतो तेव्हा. शिकणारीचं शिकवणारीशी काही कर्तव्य असतं का, हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं. बापाला घाबरली असेल, असं त्या मनाला समजावत. पेपर झाले की येईल, खाली मान घालून उभी राहील, आपण घावणे करू. जून गेला, जुलै गेला. दोन मजल्यांमध्ये एकच तर जिना, पण तो चढून ती आली नाही.

ऑगस्टमध्ये जयंती पेढे घेऊन आल्या. गार्गीला वरचा ग्रेड मिळाला होता आणि ती इंग्लंडला कायदाच शिकायला चालली होती. सगळं तुमच्यामुळे, असं म्हणून त्यांनी पेढ्यांच्या बॉक्सखाली ठेवलेली वही परत केली. गार्गी कुठेय, असं काकूंनी विचारलं. ती पॅकिंगमध्ये होती.

दार लावून काकूंनी ते पान काढलं. समोरचं पान भरलेलं होतं, गार्गीच्या सुबक अक्षरात. वर त्या मंगळवारची तारीख. पडणाऱ्याचा दोष असला तरी सामान ठेवणाऱ्याची सुटका होत नाही, भरपाई फक्त कमी होते. म्हणून आधी विचारायचं, सामान जिन्यात कोणी ठे. तिथे शब्द अर्धाच तुटला होता आणि पेनाची रेघ पानाबाहेर गेली होती. काकू पडल्याचा आवाज आला तो त्या क्षणी. मागाहून कधीतरी गार्गीने त्या सगळ्या ओळी लाल पेनाने अधोरेखित केल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं, परीक्षेला नक्की येणार. अर्धा शब्द तिने तसाच ठेवला होता.

काकू खूप वेळ रडल्या. घाबरलेलं पोर म्हणून माफ करायची एवढ्या महिन्यांची तयारी त्या एका लाल रेघेने वाया गेली. पेढे त्यांनी वॉचमनला देऊन टाकले.

पुढच्या आठवड्यात कांदिवलीची ऋतिका नावाची मुलगी पहिल्यांदा आली. काकूंनी कोरी वही उघडली. बोटं अजून आखडलेली होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. पहिलं उदाहरण लिहिताना पेन सवयीने प वर गेलं आणि थांबलं. प खोडून त्यांनी पुढे सावकाश लिहिलं: गार्गीने जिन्यातल्या लाद्या पाहिल्या होत्या.

"ही गार्गी कोण, मॅडम?" ऋतिकाने विचारलं.

"आमच्या दुसऱ्या मजल्यावरची," काकू म्हणाल्या. "लिहून घे."