बाईंनीच घातलेले प्रश्न

ग्रीक-रोमन पुराणकथा बाईंना तोंडपाठ. उजळणीचे प्रश्न त्या स्वतःच संगणकावर रचायच्या आणि वर्गातल्या मोठ्या पडद्यावर मुलांबरोबर खेळायच्या. आज पहिलाच प्रश्न आला, 'पाताळाचा राजा कोण?' बाईंनी आकाशाच्या राजाच्या, झ्यूसच्या नावावर क्लिक केलं. लाल फुली उमटली.

"बाई, मुद्दाम चुकलात ना?" पहिल्या बाकावरची मुलगी खिदळली.

"मग! नाहीतर तुमची झोप कशी उडणार?"

वर्ग हसला. बाईंची नजर मात्र त्या लाल फुलीवरच होती. त्यांच्या आईचं विसरणंही असंच, तोंडपाठ गोष्टींपासून सुरू झालं होतं. पुढचा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. उत्तर काही केल्या आठवेना.

"ये गं, आता तू चालव," म्हणत त्यांनी मुलीच्या हाती माऊस दिला आणि स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरले.