सांगलीतला काळपट ठोकळा

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. आमचे यजमान सोनार. त्यांचा उजवा हात मोडला आणि पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यांसारख्या गोल चकत्यांच्या हाराचं काम अर्ध्यावर राहिलं. लग्नघर वाट बघत होतं. सोन्याच्या पत्र्याच्या त्या चकत्या कात्रीने कापणं मला जमेना, म्हणून चकत्या कापायचा ठोकळा आणायला मी साताऱ्याहून एकटी सांगलीला गेले.

आता रोजचं काम मलाच करायचंय, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्याने दोन ठोकळे पुढे ठेवले. एक लखलखीत, एक काळपट. दोन्हींना सारखीच भोकं आणि त्यांत ठोकायचे सारखेच लोखंडी पंच. मला काहीच कळेना.

शेजारी एक म्हातारे गिऱ्हाईक उभे होते. न विचारताच त्यांनी दोन्ही हातांनी पंच धरून लखलखीत ठोकळ्याच्या भोकात सोडला. तो आत डुगडुगला. मग काळपट ठोकळ्यात सोडला. तो सावकाश खाली गेला, जरासुद्धा हलला नाही.

"ह्यो घ्या. कड साफ कापंल," ते म्हणाले.

मी तो बांधून घेतला. तेवढ्यात त्यांनी स्वतःसाठी लखलखीत ठोकळा मागितला. मी गोंधळले. मला फसवलं की काय?

"बाबा, मग तुमी त्यो का घेताय?"

"चांगला एकच हुता, बाई. तुमाला रोज कापायचंय. मला नातीचा एक हार करायचाय, बास." त्यांचा उजवा हात थरथरत होता. "ह्यो हात त्येवढाच दम धरंल."

मी माझ्या ठोकळ्याची पिशवी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती हलकेच मागे सारली आणि ते निघून गेले.

त्या ठोकळ्यावर आमचा संसार चालला. तो मी घ्यायला हवा होता की नको, हे मला अजून ठरवता येत नाही.