सुखदेवची टॉवेल-टोपी

माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरांखाली, एक टॉवेल आणि एक टोपी आहे. कोरी आहेत, पण घड्यांवर पिवळी पडलेली. बायकोने एकदा विचारलं, हे कुणाचं? म्हणालो, कुठल्यातरी सत्कारातलं असेल. तिला ते पटलं, कारण माझे सत्कार बरेच झालेत — गावात शांतता आणणारा माणूस म्हणून. खरं तिला माहीत नाही. मुलीला नाही, गावाला तर नाहीच. ही गोष्ट माझ्या तोंडून आज पहिल्यांदा बाहेर पडतेय आणि समोर तू आहेस. मध्येच उठून जावंसं वाटलं तर जा.

मी परळीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. पोरांना माझा एक तास फार आवडायचा, आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा. एखादं राष्ट्र शेजाऱ्यावर चालून गेलं की जग त्याच्याशी व्यवहार तोडतं. पण अख्ख्या देशाचं नाक दाबलं तर मरतं कोण? गरीब मरतो. सत्तेवर बसलेल्याच्या ताटातली पोळी काही कमी होत नाही. म्हणून मग जगाने जरा अक्कल वापरली. दोषी असतील तीच माणसं निवडायची, त्यांचीच खाती गोठवायची, त्यांचाच प्रवास बंद करायचा. अन्न-औषध चालू ठेवायचं. आणि एक दार उघडं ठेवायचं — अट मानली की निर्बंध उठलेच पाहिजेत. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो: सूड नव्हे, शांतता.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण त्या दारात बसवलेला माणूसच खोटा निघाला तर?"

मी खडू खाली ठेवला. त्यासाठी समिती असते, असं काहीतरी म्हणालो आणि तास लवकर सोडला. तिला काय माहीत असणार? काही नाही. पोरगी हुशार होती, एवढंच.

आता बापूरावाबद्दल सांगतो. सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव धर्मापुरीच्या अलीकडे. माझे वडील, अण्णा, गावच्या दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचे आणि बापूराव संस्थेचा चेअरमन होता. एक दिवस तालुक्याहून कॅन परत आला, दुधात पाणी म्हणून. बापूरावाने अण्णांना संस्थेच्या ओट्यावर उकिडवं बसवलं. सगळं गाव सकाळचं दूध घालायला जमलेलं. त्याने त्याच कॅनमध्ये माप बुडवलं आणि अण्णांच्या तोंडापुढे धरलं.

"पी. तुझंच पाणी हाय, तूच पी."

अण्णा प्याले. मग दुसरं माप, मग तिसरं. मिशांवरून दूध गळत होतं. शेवटी ओकले, आणि लोक हसले. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो, वयाने चांगला घोडा. मी काय केलं? ओट्याचा खांब धरून उभा राहिलो. पुढे कळलं की पाणी टेम्पोवाल्याने घातलं होतं. बापूरावाने कधी 'चुकलं' म्हटलं नाही. अण्णांनी मरेपर्यंत दुधाचा थेंब तोंडात घेतला नाही. घरी म्हशी होत्या आणि माणूस कोरा चहा प्यायचा. रोज सकाळी तो काळा चहा बघत मी मनाशी एकच गोष्ट म्हणायचो. काय म्हणायचो ते तुला कळलं असेल.

बरीच वर्षं गेली. अण्णा गेले, बापूरावाची खुर्चीही गेली, संस्था आबा पाटलांकडे आली. आणि मग तो दुष्काळ आला. विहिरींत गाळसुद्धा वाळला, परळीच्या थर्मल वीज केंद्राची धुराडी पाण्यावाचून थंड पडली. गावाला टँकर एकच. एका सकाळी बापूरावाने टँकरचा पाइप आपल्या आळीच्या हौदात सोडला आणि बौद्ध वस्तीचे ड्रम कोरडे ठेवले. सुखदेव आडवा आला. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक असलेला, शांत माणूस. बापूरावाने टँकरचा पान्हा उचलून त्याच्या कपाळावर घातला.

दुपारपर्यंत दोन्हीकडे काठ्या निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आबांनी चावडीपुढे सगळ्यांना बसवलं. डोक्याला पट्टी बांधलेला सुखदेव उभा राहिला.

"मला केस करायची हौस न्हाई. टँकर आमच्याकडंबी यावा. आन् ज्यानं मारलं त्यानं सगळ्यांपुढं चुकी कबूल करून मला टावेल-टोपी द्यावी. बास."

आमच्याकडे ही रीत आहे. भांडण मिटवताना चुकलेल्याने दुसऱ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची. त्यानंतर तो विषय कुणी उकरत नाही. सुखदेवने मागून मागून एवढंच मागितलं होतं.

"मी टोपी दिऊ? ह्याला?" बापूराव म्हणाला, धोतर झटकलं आणि निघून गेला.

आणि मी उठलो. माझा आवाज किती शांत होता म्हणून सांगू! म्हणालो, त्याच्या आळीला शिक्षा नको, भावांना नको, लेकरांना नको. पिण्याचं पाणी तोडायचं नाही, दवाखाना तोडायचा नाही. फक्त तो एकटा. संस्थेने त्याचं दूध घ्यायचं नाही, चारा छावणीत त्याची जनावरं घ्यायची नाहीत, त्याला कुणी रामराम घालायचा नाही. टॉवेल-टोपी दिली की त्याच घडीला सगळं मोकळं. आणि दहा तोंडांनी निरोप गेले की दहा भांडणं होतात, तेव्हा मध्ये एकच माणूस ठेवा. वर्गात शिकवायचो तेच, फक्त गावच्या भाषेत. असं वाळीत टाकणं आता कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा लोकांनी माना डोलावल्या.

"मग मधी मास्तर, तुमीच ऱ्हावा," आबा म्हणाले.

"सर असतील तर मला चालतंय," सुखदेव म्हणाला.

उपाय लागू पडला, हेही सांगतो. टँकर दोन्हीकडे जायला लागला, काठ्या घरात गेल्या. पण इतक्या गोष्टींतून मी दूधच का निवडलं? एकाच्याही लक्षात आलं नाही. पहिल्या सकाळी बापूरावाची बायको कौसाकाकू कॅन घेऊन आली तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो — त्याच ओट्यावर, त्याच खांबापाशी. कारकुनाने कॅनचं झाकणही उघडलं नाही. काकू भरलेला कॅन डोक्यावर घेऊन परत गेली. त्या दिवशी मी घरी येऊन दोन वेळा जेवलो.

उन्हाळा चढत गेला. त्यांच्या म्हशींच्या बरगड्या लांबून दिसायला लागल्या. एक दिवस दुपारी काकू आमच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही — वाळीत टाकलेलं माणूस, रीत पाळत होती.

"दिलीप, मालक तयार झालेत बाबा. परळीहून टावेल-टोपी आणून ठिवलीय. कवा यावं तेवढं आबांला इचारून सांग."

"विचारतो," मी म्हणालो.

संध्याकाळी आबा भेटले. "काही निरोप?"

बघ, इथे माझ्याकडे जागा होती. एक वाक्य बोलायचं होतं. सुखदेवला त्याचा मान मिळाला असता, बापूरावाच्या म्हशींना चारा, गावाला सुटका.

"नाही आबा," मी म्हणालो. "ताठच आहे."

दुसऱ्या दिवशी काकूला सांगितलं, "गाव नको म्हणतंय. सुखदेवही नको म्हणतो."

"कावून रं? टोपीच मागितली व्हती ना त्यांनी?"

"आता मन फिरलंय त्यांचं."

ती म्हणाली, "तू लावून धर बाबा. तुझा शबुद गाव ऐकतंय."

नंतरही ती येत राहिली आणि मी तेच सांगत राहिलो. तिकडे ताठ आहे, इकडे गाव नको म्हणतंय. कुणाला शंका आली नाही, कारण तिसऱ्याने बोलायचं नाही हा नियम मीच घालून ठेवला होता. सुखदेव अधूनमधून विचारायचा, "काय म्हणतंय म्हातारं?" मी मान हलवायचो. तो कामाला जायचा. मला आधी वाटलं होतं, आठवडाभर तडफडू दे, अण्णांनी ओट्यावर सोसलं तेवढं तरी. मग वाटलं, अजून थोडं. सुडाचं पोट भरतं का रे कधी? माझं तरी भरलं नाही.

शेवटी काकू म्हशी घेऊन लांबच्या दुसऱ्या छावणीत गेली. मालकाचा गुडघा धरलेला, मुलगा पुण्याला, म्हणून तीच गेली. दावणीशेजारी चार काठ्यांवर जुनं लुगडं टाकून राहिली. वैशाखात एका दुपारी तिला ऊन लागलं. शेजारच्यांनी गाडी मिळवेपर्यंत संपलं होतं.

मातीला मात्र अख्खं गाव गेलं, सुखदेवही आला. मी खांदा दिला. बापूराव सरणापुढे उकिडवा बसला होता, अगदी ओट्यावर अण्णा बसले होते तसा. आणि माझ्या मनात काय आलं असेल? आलं — फिटलं. मला भाकरी वाढलेली, कुणाचं वाईट न केलेली बाई समोर जळत होती आणि मी मनात म्हणत होतो, फिटलं. रडलोही होतो. लोकांनी ते रडणं पाहिलं.

पाऊस पडला, छावण्या उठल्या, बहिष्कार कुणी न उठवताच विरून गेला. बापूराव पुन्हा कधी चावडीकडे फिरकला नाही. गाव म्हणायचं, बायको गेली तरी माज गेला नाही. मी ऐकायचो आणि तालुक्याला शांततेवर भाषणं द्यायला जायचो.

गेल्या वर्षी त्याने मला बोलावणं धाडलं. गेलो. खाटेवर पडून होता, हाडांचा सापळा. सुनेने चहा आणला, दाट दुधाचा, वर साय.

"तवा तू लई धडपड केलीस," तो म्हणाला. "कौसा सांगायची, दिलीप लई जीव तोडतो, पर गाव ऐकंना. तुझ्या बापाला मी काय केलं व्हतं, ते ठावं असून तू माझ्यासाठी तोंड खर्ची घातलंस. तुझा बाप देवमाणूस, तूबी तसाच."

आयुष्यात पहिल्यांदा तो अण्णांबद्दल बोलला होता. मग उशाखालून एक पुडकं काढलं. परळीच्या दुकानाचा कागद तसाच होता.

"एवढं सुखदेवला नेऊन दे. आता तरी घील का बघ. मला चालवत न्हाई."

मी सांगू शकलो असतो. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पण मी कप उचलला. चहा गोड होता, सायीसकट सगळा प्यालो. पुडकं पिशवीत टाकलं आणि उठलो.

पुढे एकदा सुनेच्या फोनवरून त्याने विचारलं, "दिलीस?"

"दिली."

"काय म्हणला?"

"डोक्याला लावली."

"बरं झालं बाबा," तो म्हणाला. ते मी दयेने बोललो असं समजू नकोस. खरं बोललो असतो तर उरलेलंही सांगावं लागलं असतं, म्हणून बोललो. चार-आठ दिवसांत तो गेला.

सुखदेव आता रिटायर झालाय, रोज सकाळी फिरायला भेटतो. कपाळावरची खूण पिकल्या केसांत उठून दिसते. काल माझ्या बरोबरीने चालताना म्हणाला, "टोपीची मला हाव नव्हती, सर. पर एकदा तरी यायला पायजे व्हता म्हातारा. मला लई वाटायचं, यील म्हणून. मरस्तवर ताठ ऱ्हायला."

"हो," मी म्हणालो. "ताठच होता."