बॉनेटवरचं कुंकू

मंडळी, आमची पांढरी जर्मन गाडी सेकंडहँड हाय, पण माझा लई जीव तिच्यावर. घेतली तवा आईनं बॉनेटवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं. त्याचा गुलाबी डाग काही जाईना.

आज अंगणात बसून रबिंग कंपाउंडनं तो घासून काढला. बॉनेटमधी माझीच मिशी दिसायला लागली!

पाटसला निघालो, तर आई कुंकू घेऊन आडवी. "कोऱ्या कपाळानं गाडी बाहेर न्यायची न्हाई."

"आई, परत डाग पडंल गं!"

 तिनं मग समोरच्या काचेवर कोपऱ्यात स्वस्तिक काढलं. "काचंवरचं तर निघतं ना?"

उसाच्या ट्रॉल्यांमागं काच धुळीनं भरली, तरी पाटसपर्यंत वायपर लावला न्हाई. तुम्ही लावला असता?