हिरवं ताट

लवळ्याच्या टेकडीवर मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये मी पोळ्या लाटते. घर किनवटकडं, एक रात्र अन् वर अर्धा दिवस लागतो. नऊ वर्षांची लेक तिकडंच, जाऊबाईंपाशी. मी सातवीत शाळा सोडली, त्यामुळं कुणी हातात कागद दिला की आजही मी तो दुसऱ्याकडं सरकवते.

त्या दिवशी कागद नव्हता, मोबाईल होता. मेसमध्ये जेवणाऱ्या एका मुलीला अभ्यासासाठी ॲप बनवायचं होतं. आपण काय खाल्लं ते भरायचं, मग अंगाला काय मिळालं, काय कमी पडलं, ते ॲप समजावणार. कमी शिकलेल्या माणसालाही ते जमलं पाहिजे, हा तिचा हट्ट.

"मावशी, पंधरा दिवस वापरून बघा. जिथं अडाल तिथं मला शिव्या घाला."

"माझं चुकलं तर?"

"तुमचं नाही चुकणार. चुकलं तर ॲपचं चुकलं."

असं मला कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

'प्रथिने' या शब्दावर मी अडले. तिनं तिथं डाळीचं अन् अंड्याचं चित्र टाकलं. बोट ठेवलं की तिच्याच आवाजात "अंग भरायला" असं ऐकू यायचं. भाकरीच्या जागी चपातीच दिसत होती. शेजारी भाजी चिरणाऱ्या, खालच्या नांदे गावच्या बाईंनी डोकावून बघितलं. "ही भाकर हाय व्हय? एवढं शिकून भाकर वळकू येत न्हाई पोरीला!" मुलगी खूप हसली. दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर आली, सोबत मी सांगितलेली अंबाडीची भाजीही. अंबाडी खुडून, शिजवून, कण्या घालून घोटली की आमच्या घरभर आंबट वास सुटतो. कितीतरी वेळ मी पुढचं बटणच दाबलं नाही.

वय विचारलं तिथं मी नऊ टाकलं. वजन वीस किलो, शाळेत मोजलेलं. माझं काय भरायचं? मी दिवसभर अन्नातच उभी असते. दिवाळीला गेले तेव्हा पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. रोज चारला ती शाळेतून आली की फोन करायचा, कालपासून काय काय खाल्लं ते विचारायचं अन् भरायचं. पुरेसं असलं की ॲपमधलं ताट हिरवं व्हायचं, नसलं की लाल.

एकदा लाल झालं अन् फोनवरच मला रडू फुटलं. "लाल झालं की गं बाई. एखादं अंडं तरी खात जा."

दुसऱ्या दिवसापासून तिचं रोज अंडं सुरू.

"आज पण खाल्लंस?"

"हो माय. झालं का हिरवं?"

"झालं."

"मग आता रडू नको."

आठ दिवस हिरवं. मी खुशीत मेसमधल्या पोरींच्या ताटात न मागता पोळ्या टाकत सुटले. नवव्या दिवशी फोन जाऊबाईंनी उचलला. मी म्हटलं, "अक्का, लई उपकार झाले, पोरीला रोज अंडं खाऊ घालता."

त्या म्हणाल्या, "कोंबड्या तर मानमोडीच्या रोगानं कवाच मेल्या. अंडं कुठलं गं? वरण-भाकर खाती ती. तुला कोण सांगितलं?"

संध्याकाळी ॲपवाल्या मुलीला गाठून मी सगळं सांगून टाकलं. वय माझं नाही, अंडी खरी नाहीत. "ताई, तुमचा अभ्यास मी नासवला."

ती रागावली नाही. नुसतं विचारलं, "हिरवं झालं की तिला कसं कळायचं?"

"मी सांगायचे."

"तुम्ही हसायच्या, म्हणून ती अंडं सांगायची." थोड्या वेळानं तिनं दोन्ही रंग काढून टाकले अन् पहिल्याच पानावर एक प्रश्न घातला: हे ताट कुणाचं? माझ्यासारख्या आणखी आया असतील, म्हणाली. त्या पोरीचे उपकार मी कसे फेडू, मला अजून सुचलेलं नाही.

तिचं ॲप सुधारलं. माझी पोर पोटभर जेवते की नाही, हे मात्र मला विचारून कळणार नव्हतं. विचारलं की ती मला बरं वाटेल तेच सांगणार.

मग मी आचाऱ्यांकडून सकाळची दहा मिनिटं मागून घेतली. नाश्ता उरकलेला असतो, कणीक मळायची असते. तिकडं ती शाळेआधी जेवायला बसते. जाऊबाई चालू फोन ताटाशेजारी ठेवतात.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "माय, काही विचारत का नाहीस?"

"तू जेव."

भाकर मोडल्याचं ऐकू येत नाही, पण कांदा कडाकडा चावलेला येतो. पाण्याचा घोट येतो. मागून जाऊबाई विचारतात, "अजून भाकर वाढू का?" तेवढ्यात इकडं कुणीतरी परात आपटतं, मी फोन कानावर घट्ट दाबून धरते.

"अर्धी," ती म्हणते.